वर्डमधला इक्वेशन एडिटर गेला कुठं, आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी पलूस तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नवा लॅपटॉप घेतला. त्यातल्या वर्डमध्ये इन्सर्ट, ऑब्जेक्ट इथं 'मायक्रोसॉफ्ट इक्वेशन ३.०' दिसतच नाही. जुन्या प्रश्नपत्रिका उघडतात, पण गणितावर डबल क्लिक केलं की एरर येते. शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू आहे, तिथं लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिसमध्येही फॉर्म्युला सापडत नाही. एका वेबसाइटवर फाइल मिळतेय, ती टाकू का? दुकानवाला पंधराशे रुपये मागतोय."

मॅडम, पंधराशे रुपये पर्समध्येच राहू द्या, आणि ती वेबसाइट आधी बंद करा. कारण पुढं सांगतो.

सांगलीत डीटीपी आणि कॉम्प्युटर दुरुस्ती करत मला बावीस वर्षं झाली. फेब्रुवारी-मार्च आला की गणिताचे मास्तर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात येणार, हे ठरलेलं. पूर्वी तक्रार असायची "वर्गमूळ छापलं नाही", आता असते "एडिटर गायब झालाय". गोंधळ होतो तो नावामुळं. 'इक्वेशन एडिटर' या एकाच नावाखाली लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी शोधत असतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. तुमच्या प्रश्नात नेमक्या तिन्ही आल्या आहेत.

पहिली गोष्ट, म्हणजे तुम्ही जी शोधताय ती 'इक्वेशन ३.०'. ती वर्डचा भाग कधीच नव्हती. डिझाइन सायन्स नावाच्या कंपनीनं बनवलेला तो वेगळा छोटा प्रोग्रॅम होता, मायक्रोसॉफ्टनं तो ऑफिसबरोबर दिला. वर्डच्या पोटात न चालता तो शेजारी स्वतंत्र चालायचा, म्हणून डबल क्लिक केलं की वरचा मेनू बदलायचा आणि चिन्हांची ती राखाडी पट्टी तरंगत यायची. आठवत असेल तुम्हाला. ऑफिस २००३ च्या काळात तर पहिल्यांदा वापरताना "सीडी घाला" असा निरोप यायचा, कारण साध्या इन्स्टॉलमध्ये तो पूर्ण बसायचाच नाही. त्यासाठी मी ऑफिसच्या सीड्यांचा एक डबा जपून ठेवला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मारुती चौकातलं दुकान पाण्यात गेलं, त्यात तो डबाही गेला. तोवर त्याचा उपयोगही संपला होता म्हणा.

उपयोग संपला कारण जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनं हा एडिटर ऑफिसमधून काढूनच टाकला. तुमच्या लॅपटॉपवर तो "इन्स्टॉल करायचा राहिलाय" असं काही नाही. आता तो मुळात येतच नाही.

का काढला, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण त्या वेबसाइटवाल्या फाइलचं उत्तर त्यातच आहे. या एडिटरची मूळ फाइल २००० साली तयार झालेली. गणितात कोणता फॉन्ट वापरलाय त्याचं नाव वाचताना ती फाइल ते नाव मेमरीतल्या एका ठरावीक मापाच्या जागेत उतरवून घ्यायची, आणि नाव त्या जागेत मावतंय का हे तपासायची नाही. तांब्यात घागर ओतल्यासारखं. कोणी मुद्दाम लांबलचक नाव घालून वर्डची फाइल बनवली, तर सांडलेला मजकूर शेजारच्या मेमरीत जाऊन कॉम्प्युटरला हुकूम सोडू शकायचा. मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडवलेला छोटा प्रोग्रॅम, तोही लागत नाही, परवानगीचा प्रश्न नाही, फाइल उघडली की काम तमाम. एडिटर वर्डच्या बाहेर स्वतंत्र चालत असल्यामुळं वर्डची स्वतःची संरक्षणंही त्याला लागू पडत नव्हती. ही भगदाडाची गोष्ट १७ वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झाली. मायक्रोसॉफ्टनं तेव्हा एक ठिगळ लावलं. ते ठिगळ बघणाऱ्या जाणकारांनी सांगितलं, की प्रोग्रॅम नव्यानं न बनवता तयार फाइलमध्येच हातानं दुरुस्ती केलेली दिसतेय. मग दोन महिन्यांत दुसरं भोक सापडलं, आणि कंपनीनं अख्खा एडिटरच उचलून बाहेर ठेवला.

आता विचार करा, तुम्हाला 'डाउनलोड करा' म्हणून जी फाइल मिळतेय, ती म्हणजे तेच भगदाड परत स्वतःच्या हातानं पाडणं. आणि ती फाइल खरी तरी आहे का, हेही कळायला मार्ग नाही. आमच्याकडं एका क्लासचा कॉम्प्युटर आला होता. सरांनी कुठल्याशा साइटवरून हाच एडिटर उतरवला. एडिटर काही चालला नाही, पण ब्राउझर उघडला की पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती सुरू. त्याच मशीनवर मुलांच्या फीचा हिशेब होता. विंडोज पुसून नव्यानं टाकावी लागली.

दुसरी गोष्ट, वर्डचा स्वतःचा, आतला इक्वेशन. हा वर्ड २००७ पासून आहे, आणि तुमच्या नव्या लॅपटॉपवर आत्ताही आहे. तुम्ही 'ऑब्जेक्ट'मध्ये शोधताय, तो तिथं नसतो. वर 'इन्सर्ट' टॅबवर जा, अगदी उजव्या टोकाला 'सिंबल्स' नावाचा गट आहे, त्यात पायचं (π) चिन्ह असलेलं 'इक्वेशन' बटण. लॅपटॉपची स्क्रीन लहान असली किंवा वर्डची खिडकी अर्धी केलेली असली, की हा अख्खा गट आकसून एकच 'सिंबल्स' बटण उरतं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या 'गायब' एडिटरांचा शोध इथंच लागतो. बटण शोधायचंच नसेल तर ऑल्ट दाबून ठेवून बरोबरचं (=) चिन्ह दाबा, कर्सर असेल तिथं गणिताची चौकट उमटेल.

बटण दिसतंय पण फिकट आहे, दबत नाही? मग वर फाइलच्या नावाशेजारी बघा, 'कंपॅटिबिलिटी मोड' असं लिहिलेलं असणार. म्हणजे फाइल जुन्या डॉक प्रकारची आहे, आणि त्या प्रकारात नवा इक्वेशन बसत नाही. 'फाइल', 'इन्फो', 'कन्व्हर्ट' केलं की ती डॉकएक्स होते आणि बटण जिवंत होतं. मात्र एवढ्यानं आतली जुनी गणितं नवी होत नाहीत, ती जुनीच राहतात. त्यांच्याकडं येतोच.

नवा इक्वेशन सुरुवातीला परका वाटेल, कारण जुन्यासारखी पट्टी तरंगत येत नाही. पण हात बसला की हा फार वेगवान आहे. चौकटीत १/२ टाइप करून स्पेसबार दाबा, अपूर्णांक उभा राहतो. अंश मोठा असेल तर कंसात घाला, छापताना तो बाहेरचा कंस आपोआप जातो. घातासाठी टोपीचं (^) चिन्ह, मग २, मग स्पेसबार. माऊसनं एकेक चौकोन निवडत बसण्यापेक्षा हे शिकून घ्या, वीस प्रश्नांच्या पेपरमध्ये तासभर तरी वाचेल.

एक आपल्याकडची अडचण मात्र सांगून ठेवतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल, तर चौकटीत बरोबरचं चिन्ह दाबल्यावर 'बरोबर' न येता ऋकाराची खूण उमटते, कारण इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर तीच बसवलीय. लोकांना वाटतं एडिटर बिघडला. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी कीबोर्डवर या, गणित लिहा, परत मराठीवर जा. आणि 'म्हणून', 'येथे', 'जर' हे शब्द शक्यतो चौकटीच्या बाहेर, साध्या ओळीत ठेवा. चौकटीतला फॉन्ट कॅम्ब्रिया मॅथ, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. आत घातलेली जोडाक्षरं कधी नीट येतात, कधी फुटतात. छापखान्यात कळण्यापेक्षा आधीच टाळलेलं बरं.

आता शाळेच्या लॅबमधला उबुंटू, म्हणजे तिसरी गोष्ट. लिबरऑफिसमध्ये गणित लिहिण्याचं काम 'मॅथ' नावाचा वेगळा भाग करतो. रायटर हा मजकुराचा, कॅल्क हिशेबाचा, तसा मॅथ गणिताचा. उबुंटूत हे सगळे सुटे सुटे पॅकेज म्हणून मिळतात. कोणीतरी लॅब लावताना जागा वाचवायला किंवा घाईत फक्त रायटर आणि कॅल्क टाकलेलं असणार. तपासायचं सोपं आहे. रायटरमध्ये 'इन्सर्ट' मेनूत 'ओएलई ऑब्जेक्ट', त्यात 'फॉर्म्युला' आहे का बघा. जुन्या आवृत्त्यांत तोच 'ऑब्जेक्ट'च्या खाली असतो. तिथं नाही, आणि प्रोग्रॅमच्या यादीतही 'लिबरऑफिस मॅथ' नाही, म्हणजे पॅकेजच नाही.

टाकायला इंटरनेट आणि ॲडमिनचा पासवर्ड हवा. पासवर्ड बहुधा लॅब लावणाऱ्याकडंच असतो, त्याला फोन करावा लागेल, खरा वेळ तिथं जातो. मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून चार शब्द लिहायचे: सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल, लिबरऑफिस-मॅथ. सगळे इंग्रजी छोट्या अक्षरांत, दोन शब्दांमध्ये एक जागा, आणि शेवटच्या शब्दात लिबरऑफिस व मॅथ यांच्या मध्ये जागा न सोडता आडवी रेघ. त्याआधी इन्स्टॉलच्या जागी 'अपडेट' घालून तीन शब्दांची ओळ एकदा चालवून घ्या, नाहीतर कधीकधी "पॅकेज सापडत नाही" असं उगाच सांगतो. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड अडकलेला नाही, तसंच असतं ते. झाल्यावर रायटर पूर्ण बंद करून परत उघडा.

एक अपवाद. लॅबवाल्यानं लिबरऑफिस उबुंटूच्या भांडारातून न घेता लिबरऑफिसच्या साइटवरून उतरवून टाकलं असेल, तर वरची आज्ञा चालवू नका. त्या पॅकेजांची नावं वेगळी असतात, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की दोन लिबरऑफिस एकमेकांच्या पायात येतात. तिथं त्याच आवृत्तीचा पूर्ण संच परत टाकणं सोपं पडतं. विंडोजवर लिबरऑफिस असेल तर प्रश्न आणखी हलका. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत लिबरऑफिसवर 'मॉडिफाय' करा आणि सुटलेला भाग निवडा.

मॅथ बसेपर्यंत त्या लॅबमधल्या मशीनवर गणिताची कुठलीही फाइल उघडून 'सेव्ह' करू नका, एवढं पाळा. नुसती बघा आणि बंद करा.

मॅथमध्ये लिहिण्याची तऱ्हा निराळी आहे. खाली एक पट्टा उघडतो, त्यात गणित शब्दांत लिहायचं आणि वर ते चित्रासारखं उमटतं. तीन छेद चार हवं असेल तर महिरपी कंसात ३, मग 'ओव्हर' हा इंग्रजी शब्द, मग महिरपी कंसात ४. वर्गमूळाला एस-क्यू-आर-टी ही चार अक्षरं आणि पुढं महिरपी कंसात आतला मजकूर. आपण फळ्यावर लिहिताना तोंडानं म्हणतो ना, "बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए", जवळजवळ त्याच क्रमानं. मध्येच उलटं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. कुठंतरी कंस बंद व्हायचा राहिलाय किंवा एखाद्या चिन्हाच्या बाजूची जागा रिकामी आहे, एवढाच त्याचा अर्थ. साधी मोकळी जागा मॅथ मोजत नाही, अंतर हवं तर लाटेसारखं टिल्डाचं चिन्ह टाका. आणि सूत्राला क्रमांक हवा असेल तर रायटरमध्ये एफ आणि एन ही दोन अक्षरं लिहून एफ३ दाबा, क्रमांकासकट चौकट येते. हे मला स्वतःला दहा वर्षांनी कळलं.

आता मुख्य दुखणं, जुन्या प्रश्नपत्रिका. नवीन पेपर कसा लिहायचा हे कोणीही शिकेल, पण पंधरा वर्षांचा साठा परत टाइप करायचा कोणी?

एक दिलासा आधीच देतो: तुमची गणितं गेलेली नाहीत. फाइलमध्ये प्रत्येक जुन्या गणिताचं एक चित्र आणि त्यामागची मूळ माहिती, दोन्ही साठवलेली असतात. एडिटर गेला तरी चित्र दिसतं, छापता येतं, फक्त बदलता येत नाही. छापताना टोप्या, टिंबं, तीन ठिपके यांच्या जागी चौकोन येत असतील, तर 'एमटी एक्स्ट्रा' नावाचा फॉन्ट नाही असं समजा. जुना एडिटर ही चिन्हं त्या फॉन्टमधून घ्यायचा.

तुमच्याकडं मायक्रोसॉफ्ट ३६५ चं चालू वर्ड असेल, तर जुन्या गणितावर डबल क्लिक केल्यावर तोच विचारतो, की हे नव्या ऑफिस मॅथमध्ये बदलू का. तिथं 'सगळ्या गणितांना लागू करा' या अर्थाचा पर्याय आहे, त्यावर खूण करून होकार द्या. चाळीस गणितांचा पेपर एका दमात बदलतो.

तुम्हाला मात्र एरर येतेय, म्हणजे तुमचं वर्ड ही सोय नसलेलं असावं. अशा वेळी मी जो रस्ता वापरतो तो फुकट आहे, आणि त्याला तोच लिबरऑफिस लागतो जो तुमच्या लॅबमध्ये आहे. लिबरऑफिस जुनी इक्वेशन ३.० ची गणितं वाचून स्वतःच्या मॅथमध्ये बदलून घेतो. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस' इथं 'मॅथटाइप' नावाच्या ओळीवर दोन खुणा असतात, एक उघडतानाची, एक सेव्ह करतानाची. उघडतानाची चालू आहे ना, बघा. मग जुन्या डॉक फाइलची प्रत लिबरऑफिसमध्ये उघडा, एखाद्या गणितावर डबल क्लिक करून ते बदलता येतंय याची खात्री करा आणि 'सेव्ह ॲज' करून डॉकएक्स म्हणून ठेवा. ही फाइल वर्डमध्ये उघडली की गणितं वर्डच्या नव्या इक्वेशनच्या रूपात येतात. वर्गमूळात शिरून आकडा बदलता येतो. ओळी थोड्या हलतात, पान वाढतं, तक्ते सरकतात, ते वर्डमध्ये परत नीटनेटकं करून घ्यावं लागतं. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका.

मॅथटाइप नावाचा विकतचा प्रोग्रॅमही आहे. ज्या डिझाइन सायन्सनं इक्वेशन ३.० बनवला तिचाच तो मोठा भाऊ, २०१७ पासून विरिस या कंपनीकडं आहे. तो जुनी गणितं थेट उघडतो. प्रकाशकाचं, पुस्तकांचं काम असेल तर घ्या, दरवर्षीचे पैसे वसूल होतात. घटक चाचणीसाठी गरज नाही. तो दुकानवाला पंधराशेत नेमकं काय टाकणार आहे, हे मात्र त्याला जरूर विचारा.

सगळे पेपर एकदम बदलायला बसू नका. ज्या वर्षी जो लागेल तो बदला. आणि बदललेला पेपर जुन्या छापील प्रतीशेजारी ठेवून एकेक गणित बोट ठेवून वाचा, विशेषतः जिथं जुन्या काळी कोणी जुगाड केलेला असेल. माझा एक किस्सा सांगतो. तासगावकडच्या एका सरांचा नववीचा पेपर मी असाच बदलून दिला. परिमेय संख्यांचा प्रश्न होता, "०.३ आवर्ती हे अपूर्णांकात लिहा". जुन्या फाइलमध्ये तिनावरचा आवर्तीचा ठिपका एडिटरमध्ये न देता, ड्रॉइंगमधला बारका गोल काढून वर नेऊन ठेवलेला होता. पान हललं तसा ठिपका दोन ओळी खाली सरकला आणि पुढच्या प्रश्नातल्या पूर्णविरामाशेजारी जाऊन बसला. मी बघितलं नाही, सरांनी बघितलं नाही. छापून आलं नुसतं ०.३. एक छेद तीनच्या जागी सगळ्या वर्गानं तीन छेद दहा लिहिलं, आणि सरांना सगळ्यांना पूर्ण मार्क द्यावे लागले. तेव्हापासून फाइल आली की मी आधी माऊसनं सगळे सुटे गोल आणि रेघा शोधतो, पुसतो, आणि टिंब गणिताच्या चौकटीत 'ॲक्सेंट'मधून देतो. छापखान्यात वर्डची फाइल न देता पीडीएफ देतो, म्हणजे त्यांच्या मशीनवर कोणता फॉन्ट आहे, कोणता नाही, याचा प्रश्नच येत नाही.

तुमच्या लॅपटॉपवर नेमकं कोणतं वर्ड आहे ते 'फाइल', 'अकाउंट' इथं दिसेल. ते आणि एखाद्या जुन्या पेपरची प्रत पाठवा. गणितं कुठल्या एडिटरची आहेत ते बघून सांगतो.